केळशीकरांनी पाहिलेलं ह्वेचं देऊळ

गुरुदत्त केळशीकरांना कुठेही न्या, ते आधी भेग शोधायचे. राज्याच्या हायवे खात्यात पुलांची तपासणी करणं ही त्यांची नोकरी. पण ती संध्याकाळी पाच वाजता संपत नसे. कोणाकडे वास्तुशांतीला गेले, की हातावर प्रसाद पडायच्या आत हे तळघरात जाऊन भिंतींवर टॉर्च मारून आलेले असत. वर येऊन म्हणायचे, "घर छान आहे हो. फक्त उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी मुरतंय." त्यामुळे जर्सी सिटीच्या मराठी मंडळींत नवं घर घेणाऱ्यांचे दोन पक्ष पडले होते. एक, घर घेण्याआधी केळशीकरांना बोलावणारा. दुसरा, घेतल्यावर त्यांना मुळीच न बोलावणारा.

फोटोंचंही तेच. लग्न झाल्यावर ते बायकोला घेऊन आग्र्याला गेले आणि ताजमहालाचे बारा फोटो काढून आले. त्यातल्या एकात वसुधाकाकू होत्या, त्याही चौथऱ्याला पाठ टेकवून, हात सरळ खाली सोडून. "माणूस उभा केला की उंचीचा अंदाज येतो," हे त्यांचं स्पष्टीकरण. काकूंनी तो फोटो बावीस वर्षं जपून ठेवला होता. प्रेमाने नव्हे, पुरावा म्हणून.

ऑफिसात त्यांच्या शेजारच्या ड्राफ्टिंग टेबलावर त्रान नावाचे व्हिएतनामी गृहस्थ बसत. बारीक अंगाचे, अतिशय नीटनेटके. पेन्सिलींना टोक काढायचं काम दिवसाच्या सुरुवातीला एकदाच करणारे. दोघांची मैत्री डब्यांवरून झाली. केळशीकरांच्या डब्यात हिंगाची फोडणी, त्रानच्या डब्यात माशाचा खारवलेला रस. दोन्ही डबे एकदम उघडले की बाकीचा ऑफिसवर्ग जेवायला बाहेर पडे, आणि खिडकीजवळचं मोठं टेबल या दोघांना मिळे. अशी नऊ वर्षं गेली. त्रानला ‘केळशीकर’ म्हणता येत नसे, ते ‘मिस्टर केल’ म्हणत. केळशीकरांना त्रानच्या गावाचं नाव म्हणता येत नसे. ह्वे. ते कधी ‘हुए’ म्हणत, कधी ‘ह्यू’, आणि त्रान दर वेळी मान डोलावत, कारण दुरुस्त करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

१९८७च्या डिसेंबरात केळशीकर डबा उघडता उघडता म्हणाले, "जानेवारीत इंडियाला जातोय. पुतण्याची मुंज आहे. येताना बँकॉकवरून तुमच्या देशात डोकावून येईन म्हणतो."

त्रानची काड्यांनी भात उचलण्याची क्रिया अर्ध्यावर थांबली.

झालं होतं ते असं. केळशीकरांचा इंजिनिअरिंग कॉलेजातला रूममेट राजाराम भारतातून गेलेल्या रेल्वे इंजिनांच्या देखभालीसाठी व्हिएतनाममधल्या दा नांगला होता, आणि एकटेपणाला कंटाळून सगळ्या जगाला आमंत्रणं पाठवत होता. केळशीकरांचा पासपोर्ट अजून भारतीय, त्यामुळे व्हिसाही मिळत होता. पासपोर्ट भारतीय राहण्यामागे देशप्रेम वगैरे नव्हतं. अमेरिकन नागरिकत्वाच्या फॉर्मवर ‘तुम्ही कधी सराईत दारुडे होता काय’ अशा अर्थाचा प्रश्न होता. ‘सराईत’ची व्याख्या दिल्याशिवाय आपण उत्तर देणार नाही, असं म्हणून केळशीकरांनी तो फॉर्म १९७७ साली ड्रॉवरमध्ये टाकला होता.

"मिस्टर केल," त्रान हळू आवाजात म्हणाले, "रविवारी माझ्या घरी याल? माझ्या आईला तुम्हाला भेटायचं आहे."

"त्यांना काय माहीत मी जाणार ते?"

"अजून माहीत नाही. पण कळलं की भेटायचं असणार आहे."

त्रान १९७५ साली देश सोडून आले होते. आधीच्या सरकारच्या रस्ते खात्यात नकाशे काढत, त्यामुळे परत जायची त्यांना भीती वाटे. आईला आणायला त्यांना पुढे सात वर्षं लागली. आता ती तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये होती. सत्तर वर्षांची, मुठीएवढी, दात पूर्वीच्या चालीप्रमाणे काळे केलेले. केळशीकर सपत्नीक गेले, तेव्हा ती विड्याच्या पानाला चुना लावत बसली होती. वसुधाकाकूंनी ते पाहिलं आणि दोघींचं जमलं. शब्द एकीचा दुसरीला कळत नव्हता. पण काकूंनी पर्समधून अडकित्ता काढून सुपारी कातरून दाखवली, तेव्हा म्हातारीने तो अडकित्ता हातात घेऊन असा उलटसुलट पाहिला, की काकूंना तो तिथेच ठेवून यावं लागलं. त्या दिवसापासून काकू तिला ‘आजी’ म्हणू लागल्या.

मग आजींनी एक फोटो काढला. ओळीने उभे असलेले पाच भिक्षू. पाचही जणांचं डोकं गुळगुळीत, पाचही जणांची वस्त्रं सारखी.

"आईचा धाकटा भाऊ," त्रान सांगू लागले. "घरातलं नाव ऊत. ऊत म्हणजे शेंडेफळ. अकराव्या वर्षी देवळात गेला. ह्वेमधलं मोठं, जुनं देऊळ आहे, राजांच्या काळचं; कोणीही दाखवेल. अजून तिथेच असावा. आई इकडे आल्यापासून, पाच वर्षांत, काही कळलेलं नाही."

आजींनी टेबलापलीकडून फोटोकडे बोट केलं आणि त्या काहीतरी म्हणाल्या.

"डावीकडून दुसरा," त्रान म्हणाले.

केळशीकरांनी डायरीत लिहिलं: डावीकडून दुसरा.

"नाव आणि पत्ता लिहून द्या ना."

हे भाषांतर झाल्यावर आजींनी जोरजोरात मान हलवली. कागदावर नाव नको. अमेरिकेहून नाव लिहिलेला कागद आला म्हणून त्याला कोणी काही विचारलं तर? कागद नाही, पत्र नाही. फक्त ही टोपी द्यायची. तपकिरी लोकरीची, हाताने विणलेली कानटोपी. तिकडे हिवाळ्यात पंधरा-पंधरा दिवस झिमझिम असते आणि लहानपणी ऊतचे कान ठणकायचे. "वीण बघून त्याला कळेल कोणाची आहे ते," असं आजींचं म्हणणं. आणि देवळाचे फोटो आणायचे. भरपूर.

"फोटोंची काळजी नको," केळशीकर म्हणाले.

वसुधाकाकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी केळशीकरांच्या हॉलमध्ये पडदे ओढून, भिंतीला पांढरी चादर लावून स्लाइड शो झाला. त्रान आपल्या आईला घेऊन आले. ती जांभळा रेशमी झगा घालून, केस तेलाने चापून बसवून, पहिल्या ओळीत ताठ बसली. पहिली ओळ म्हणजे सोफा. मागे डेंटिस्ट नरेंद्र पाठारे आणि त्यांची बायको कांचन. ती दोघं बटाटेवड्यांच्या आशेने आली होती. प्रोजेक्टर मृणालिनीकडे. ती केळशीकरांची सोळा वर्षांची मुलगी, घरात मिनी. समजायचं सगळं, बोलायची मात्र इंग्रजीत.

पहिली स्लाइड पडली. राखाडी रंगाचा दगड.

"हा पाया," केळशीकर म्हणाले.

दुसरी स्लाइड. दुसरा राखाडी दगड.

"हाही पायाच. पण ईशान्येकडून."

तिसरीत पायरीचा कोपरा होता, आणि कोपऱ्याला केसाएवढी भेग. केळशीकर काठी घेऊन पुढे झाले. "ही बघा. गेल्या दहा वर्षांतली दिसते. खालची माती खचतेय."

त्रानने भाषांतर केलं. आजी ताडकन बोलल्या.

"आई म्हणते, ही भेग तिच्या लहानपणापासून आहे. तिच्या आईची चप्पल इथे अडकायची."

"शक्य नाही. कडा बघा किती ताज्या आहेत."

"आई म्हणते, तुम्ही तिथे किती वेळा गेलात?"

"एकदा."

"ती आठशे वेळा गेली आहे."

"गुरुदत्त," पाठारे मागून म्हणाले, "देऊळ जमिनीच्या वर असतं ना यार?"

"येतोय वर. कोणत्याही इमारतीची सुरुवात खालून करायची असते."

पण ते वर येईनात. तळं आलं, तेही दगडी काठाचं, ज्यात पाणी किती खाली गेलंय ते दिसावं म्हणून मासे वगळलेलं. घंटा आली, म्हणजे घंटा टांगलेली तुळई. "घंटा पुष्कळ मोठी आहे," केळशीकर म्हणाले, "पण बघण्यासारखी तुळई." छपरावरच्या ड्रॅगनचं फक्त शेपूट आलं, कारण कौल तिथे सरकलं होतं. मृणालिनी दर स्लाइडला सुस्कारा सोडू लागली. आजी मात्र दर स्लाइडला पुढे झुकत, मान तिरपी करत, ह्या तुकड्यांतून आपलं देऊळ जुळवत होत्या.

"आत काही पाहिलंस की नाही?" पाठाऱ्यांनी विचारलं.

"पाहिलं म्हणजे? माझा सत्कार झाला."

आणि ते खरंच होतं. त्या दिवशी दा नांगहून राजारामबरोबर जीपने ते ह्वेला पोचले, तेव्हा झिमझिम चालूच होती. राजारामला व्हिएतनामी भाषेतले चाळीस शब्द येत, आणि ते सगळे डिझेल इंजिनाचे. दारात एका तरुण भिक्षूने केळशीकरांकडे बोट करून काही विचारलं. राजाराम म्हणाला, "आन दो." म्हणजे भारत. त्यासरशी तो भिक्षू ‘आन दो, आन दो’ करत आत पळाला. बघता बघता वीस-पंचवीस जण गोळा झाले आणि खुद्द मुख्य स्वामी बाहेर आले. बुद्धाच्या देशातून पाहुणा आलाय! केळशीकरांना चहा मिळाला, उकडलेली रताळी मिळाली, आणि मग स्वामींनी हात जोडून काहीतरी विनंती केली.

"काय म्हणतायत?" केळशीकरांनी विचारलं.

"बहुतेक बुद्धाच्या भाषेत काहीतरी म्हणून दाखवा म्हणतायत," राजाराम म्हणाला. "नाहीतर ऑइल बदला म्हणतायत. दोन्हींचा शब्द सारखाच वाटतो मला."

पंचवीस माणसं डोळे मिटून वाट बघत होती. घरच्या पूजा नेहमी वसुधाकाकू करायच्या, केळशीकर फक्त नारळ फोडायला. संस्कृत म्हणावं असं एकच काही डोक्यात शिल्लक होतं, आठवीत छडी खाऊन पाठ केलेलं. त्यांनी डोळे मिटले आणि खर्जात सुरुवात केली: "रामः रामौ रामाः प्रथमा."

पंचवीस माथी वाकली.

"रामम् रामौ रामान् द्वितीया."

पुन्हा वाकली. एकाने घंटी वाजवली. तृतीया झाली, चतुर्थी झाली. पंचमीला ते अडखळले, म्हणून पुन्हा चतुर्थी म्हटली. तर सगळे दोनदा वाकले. संबोधनापर्यंत पोचेतो केळशीकरांना स्वतःलाच भरून आलं होतं.

हे ऐकून पाठारे सोफ्यामागे हसून हसून आडवे झाले. कांचनने "काय हो हे, देवाधर्माची थट्टा," म्हणून तोंडाला पदर लावला, पण पदर हलत होता. त्रानने सगळं गंभीरपणे आईला सांगितलं. आजींनी अर्थ विचारला.

केळशीकरांनी डोकं खाजवलं. "म्हणजे असं की... एक राम. दोन राम. पुष्कळ राम."

आजींनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

"आई म्हणते, बरोबर आहे. असंच आहे."

"आणि आता," केळशीकर छाती पुढे काढून म्हणाले, "मुख्य गोष्ट. मिनी, नेक्स्ट."

चादरीवर एक हसरा, गोल चेहऱ्याचा म्हातारा भिक्षू उमटला. कानांवर तपकिरी टोपी, हनुवटीखाली बंद बांधलेला, तोंडात दोन दात. त्या पूर्ण डब्यातला हा एकच फोटो असा होता, ज्यात माणूस मध्यभागी होता आणि त्याच्या डोक्याचा कुठलाही भाग कापला गेला नव्हता.

"फोटोत डावीकडून दुसऱ्यावर बोट ठेवून विचारलं," केळशीकर म्हणाले, "तर स्वतःच स्वतःवर बोट ठेवलं. लगेच ओळखलं त्यांनी. टोपी घातली ती काढायलाच तयार नाहीत."

आजी चादरीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एकच छोटं वाक्य उच्चारलं.

त्रान म्हणाले, "आई विचारते, हा कोण?"

"कोण म्हणजे? त्यांचा भाऊ."

"नाही," त्रान म्हणाले. "हा तिचा भाऊ नाही."

केळशीकरांनी घाईघाईने डायरी काढली, तिच्यातून तो जुना फोटो काढला. "हे बघा. डावीकडून दुसरा. हेच ते."

वसुधाकाकू उठून आल्या. त्यांनी फोटो पाहिला, आजींकडे पाहिलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, त्या दिवशी आजी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसल्या होत्या. डावं कोणाचं धरलंत तुम्ही?"

तीस वर्षं नकाशे वाचणाऱ्या माणसाला याहून लाजिरवाणा प्रश्न दुसरा नव्हता. केळशीकरांनी फोटो उलटा धरला, सुलटा धरला, आणि खाली बसले. उजवीकडून दुसरा. गोल चेहऱ्याच्या त्या बिचाऱ्याने काहीच खोटं सांगितलं नव्हतं. केळशीकरांनी ज्याच्यावर बोट ठेवलं तो तोच होता.

आजी बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला; हातांनी त्यांनी सुया चालवून दाखवल्या, बोटं मोजून महिने दाखवले. शेवटी थांबल्या. सगळ्यांनी त्रानकडे पाहिलं.

"आई थोडी नाराज आहे," त्रान म्हणाले.

"मी... मी सॉरी..." केळशीकर पुटपुटले. तो हसरा चेहरा चादरीवरून हलला तर बरं, एवढंच त्यांना वाटलं. "मिनी, नेक्स्ट! नेक्स्ट कर!"

"बाबा, नेक्स्ट वन इज अ ड्रेन."

"असू दे. कर."

गटार आलं. देवळामागचं, गाळाने तुंबलेलं, दगडी. त्याच्या काठाला झाडू घेऊन एक म्हातारा उभा होता. खोलीचा अंदाज यावा म्हणून केळशीकरांनीच त्याला खुणा करून उभं केलं होतं. थोडं डावीकडे, थोडं पुढे, बस. चेहऱ्यावर छपराची सावली आलेली. केळशीकर रडवेल्या आवाजात सांगू लागले, "इथे उतारच ठेवलेला नाही, त्यामुळे सगळं पाणी स्वयंपाकघराच्या..."

आजी उठल्या. प्रोजेक्टरच्या उजेडात शिरल्या, चादरीपाशी गेल्या; त्यांची सावली गटारावर पडली म्हणून बाजूला सरल्या. मग त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या पायांवर बोट ठेवलं. त्याने एका पावलावर दुसरं पाऊल चढवलेलं होतं, बगळ्यासारखं.

त्या अगदी हळू काहीतरी म्हणाल्या. त्रानने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आई म्हणते, हा असाच उभा राहायचा. लहानपणापासून. त्यावरून मार खायचा."

पाठाऱ्यांनी हातातला वडा ताटलीत परत ठेवला.

"बाबा," मृणालिनी दोन-तीन मिनिटांनी म्हणाली, "द स्लाइड विल बर्न."

केळशीकर धावत जाऊन टेबलफॅन घेऊन आले आणि प्रोजेक्टरवर वारा घालत उभे राहिले. आजी हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, अजून आहेत का असे?

"गटाराचे अकरा आहेत," केळशीकर अपराधी सुरात म्हणाले. "चारांत हे आहेत. टेपचं दुसरं टोक यांनीच धरलं होतं. सगळं गटार आम्ही दोघांनी मिळून मोजलं."

"किती वेळ?"

"पाऊण तास असेल."

"काय बोलला तो?"

"पुष्कळ बोलले. मला कळलं नाही. मी माप सांगत होतो, ते काहीतरी उत्तर देत होते. मधे एकदा हसले."

"कशाला हसला?"

"मी गटारात पडलो तेव्हा."

हे ऐकल्यावर आजी त्या दुपारी पहिल्यांदाच हसल्या. काळे दात दाखवून, खांदे हलवून हसल्या. मग त्या अकरा स्लाइड्स दोनदा पाहिल्या गेल्या, आणि ऊत असलेल्या चार तर पाच वेळा. केळशीकरांच्या इतक्या वर्षांच्या स्लाइड शोंमध्ये ‘पुन्हा दाखवा’ असं कोणी म्हणण्याची ती पहिली वेळ. वसुधाकाकूंनी मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत नवऱ्याशी डावं-उजवं सोडून दुसरा विषय काढला नाही.

केळशीकरांना ती चूक फार लागली. पुढचा आठवडाभर ते ऑफिसात डबा खाली मान घालून खात. मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. गटाराचा रिपोर्ट लिहिला. चार पानं, आडवा छेद, उभा छेद, किती उतार हवा, गाळ कुठून काढायला लागायचं. त्रानने त्याचं व्हिएतनामीत भाषांतर केलं आणि नकाशे इतके सुबक काढले, की ते गटाराचे आहेत असं वाटू नये. पाकिटावर काय लिहायचं असा प्रश्न आला, तेव्हा आजींनी स्वतःच भावाचं पूर्ण नाव सांगितलं, आणि रिपोर्टच्या शेवटी टोपीची नि स्लाइडची हकिगतही लिहायला लावली. ‘पण तूच म्हणायचीस ना’, असं त्रान म्हणू लागले, तर त्यांनी हाताने उडवून लावलं. गटाराच्या कागदावर कोण कशाला कोणाला काय विचारणार!

उत्तर ऑक्टोबरात आलं. त्रान ते घेऊन आईसकट केळशीकरांच्या स्वयंपाकघरात आले आणि तिथेच मोठ्याने वाचलं, दर दोन ओळींनी थांबून, इंग्रजी करत.

ऊत जिवंत होता, बरा होता, गुडघे तेवढे कुरकुरत होते. बहिणीने गटारातून आपल्याला ओळखलं हे वाचून तो दिवसभर कोणाशी बोलला नव्हता. गटार मापाप्रमाणे साफ केलं, आणि स्वयंपाकघरात पाणी यायचं थांबलं. टोपी ज्याला मिळाली, तो ती उन्हाळ्यातही काढत नाही, आणि ‘आन दोहून माझ्यासाठी आली’ असं येईल त्याला सांगतो. तेव्हा कृपा करून त्याला खरं कळवू नये. दुसरी टोपी विणू नये. ऊतचे कान गेली चाळीस वर्षं अजिबात दुखलेले नाहीत.

पुढचं वाचताना त्रानला हसू आवरेना.

"लिहितो, तो भारतीय गृहस्थ फार श्रद्धाळू. आल्याबरोबर देवळाभोवती अकरा ठिकाणी पोटावर आडवा झाला, कपाळ मातीला लावून, भर पावसात. आमच्या स्वामींनी तरुण भिक्षूंना बोलावून दाखवलं, की पहा, साष्टांग नमस्कार असा घालतात."

"मी पायाखालची माती बघत होतो हो!" केळशीकर कळवळून म्हणाले.

"ते त्यांना कळवायचं का?" वसुधाकाकूंनी विचारलं.

केळशीकरांनी विचार केला. "नको," म्हणाले. "राहू दे."

त्यानंतर पत्रं येत-जात राहिली. १९८९ साली त्रानच्या ओळखीतली दोन-तीन माणसं व्हिएतनामला जाऊन सुखरूप परत आली, तेव्हा त्रानलाही धीर आला. डिसेंबरात ते आईला घेऊन निघाले. केळशीकरांनी त्यांना विमानतळावर पोचवलं. आजींच्या चार बॅगांपैकी एकीत अमेरिकन औषधं होती, बाकीच्या तिन्हींत काय होतं ते त्रानलाही माहीत नव्हतं.

दीड महिन्याने दोघं परतली. पुढच्याच रविवारी आजी केळशीकरांकडे आल्या. उन्हाने काळवंडलेल्या, जरा वाळलेल्या, आणि चांगल्याच तणतणत. वसुधाकाकूंनी चहा ठेवला. सगळे टेबलाभोवती बसले.

"भेट कशी झाली?" केळशीकरांनी विचारलं.

"पहिले दोन दिवस दोघं नुसती एकमेकांचे हात धरून बसली होती," त्रान म्हणाले. "जेवली नाहीत, झोपली नाहीत."

"आणि मग?"

"तिसऱ्या दिवशी भांडली."

"भांडली? एवढ्या वर्षांनी भेटून?"

"आजोबांची निळी किटली होती घरात. चिनी मातीची, पणजोबांकडून आलेली. १९२९ साली ती फुटली. मामा म्हणतो ताईने फोडली, आई म्हणते ऊतने फोडली. त्याला सात दिवस अंगणात झोपावं लागलं होतं. चार दिवस हेच चाललं होतं. शेवटी मुख्य स्वामींना मध्ये पडावं लागलं. त्यांनी दोघांना बुद्धाच्या मूर्तीसमोर बसवलं, तर तिथेही हळू आवाजात भांडत होती."

"मग मिटलं कसं?"

"मिटलं नाही. निघायच्या दिवशी मामा फाटकापर्यंत आला. रडला. आई रडली. मग म्हणाला, पण किटली तूच फोडलीस."

आजी चहा फुंकत होत्या. आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना कळत होतं. किटलीचा उल्लेख त्यांनी त्रानच्या हातवाऱ्यांवरून ओळखला होता. वसुधाकाकूंनी खुर्ची जरा जवळ ओढली.

"त्यांना विचारा ना," त्या त्रानला म्हणाल्या, "की खरं कोणी फोडली?"

त्रानने विचारलं. आजींनी कप खाली ठेवला. दाराकडे एकदा पाहिलं, जणू तिथे कोणी ऐकत असावं. मग पुढे झुकून त्या काहीतरी कुजबुजल्या आणि लगेच बिस्किट घेऊन चहात बुडवू लागल्या.

त्रान आईकडे बघतच राहिले.

"काय म्हणाल्या?" केळशीकरांनी विचारलं.

"म्हणते," त्रान म्हणाले, "मीच."